आतली बाजू

ओल्शानूव, ९ एप्रिल १९९६

ओलेक,

‘प्रिय’ लिहावं की नाही या विचारात चहा गार झाला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. नावाला कुणाची हरकत नसावी.

काल ईस्टरचा सोमवार, मोसमातली पहिली सरावाची मॅच. पहिल्या वळणाशी मी, डोक्याला रुमाल, मांडीवर शर्यतींची पत्रिका, आणि शेजारी गेनोवेफाबाई त्यांचा तोच पोचे पडलेला थर्मास घेऊन. पहिल्याच शर्यतीत मोटारसायकलींनी उडवलेली माती थेट आमच्या चहात. गेनोवेफाबाई कप झटकत म्हणाल्या, “आला गं बाई मोसम.” दरवर्षी हेच म्हणतात. मग हळूच विचारलं, “धाकट्याचा काही फोन?” मी म्हटलं, “त्याच्या घरी अजून फोन बसायचाय.” ग्रोंदोवोच्या क्लबाने तुला घर, गाडी, फोन सगळं दिलंय हे पेपरात आलं होतं. तू जातोयस हेसुद्धा आम्हाला नोव्हेंबरात पेपरातूनच कळलं, म्हणा. सख्ख्या भावाला, सकाळी पाव आणायला गेला तेव्हा, दुकानात.

रोमानला हे पत्र माहीत नाही. तो मागे शेडमध्ये आहे. मिरेकची गाडी उघडून बसलाय, कारण यंदा त्याची जोडी मिरेकशी लावली आहे. मिरेक पोरगा वाईट नाही. पण त्याला आतली बाजू मोकळी करून दिली की तो बाहेरून जातो, आणि बाहेर सरकलेल्या रोमानलाच जाऊन धडकतो. काल दोनदा झालं. ब्रेक नसलेल्या गाडीवर असले विनोद परवडत नाहीत.

बारा वर्षं तुम्ही दोघं जोडीने पळालात. तू आत, डावीकडे; तो बाहेर, उजवीकडे. बाबा काय शिकवायचे ते विसरला नसशीलच. आतल्याने पुढे बघायचं, मागे वळून बघायचं नाही. बाहेरच्याने ऐकायचं. तुझ्या इंजिनाचा आवाज मागून आला की रोमान दार उघडल्यासारखा बाहेर सरकायचा, तू आतून निघून जायचास, आणि मग ते दार मागच्या दोघांच्या तोंडावर बंद. लोक उभे राहून ओरडायचे. मी पत्रिकेत पाच गुण लिहायचे, तुझे तीन, त्याचे दोन. त्याला दोनच मिळायचे याचं मला कधीकधी वाईट वाटायचं, पण त्याला वाटलेलं मी पाहिलं नाही.

जानेवारीत बाबांना नेलं तेव्हा तू कबरस्तानाच्या फाटकापाशी उभा होतास. मी हात केला. तू टोपी खाली ओढलीस आणि गेलास. थंडी होती, ठीक आहे. पण मी या घरात लग्न करून आले तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास, आई नसलेला, कानापर्यंत केस वाढलेला. ते केस पहिल्या आठवड्यात मी कापले आणि पुढे सोळा वर्षं मीच कापत आले. मला टोपी दाखवतोस?

एक ओळ टाक. मला नको, त्याला.

तुझी वहिनी (अजून तरी),
हालिना


ओल्शानूव, २० मे १९९६

ओलेक,

तुझं उत्तर नाही. टपाल खात्याचा दोष असेल, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पटलं नाही.

आम्ही पुन्हा हरलो. आता सलूनमध्ये बायका माझ्या खुर्चीत बसल्या की आधी उसासा टाकतात आणि मग केस कसे हवेत ते सांगतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “यंदा आपल्या रानडुकरांना कुणीतरी भाजून खाणार बघा.” क्लबाचं नाव रानडुकरं ठेवलं त्या माणसाला हे सुचायला हवं होतं. मी हसले. हातात कात्री होती, म्हणून हसले.

रोमान सदतीस वर्षांचा झाला. प्रत्येक मॅचनंतर कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधून बसतो आणि मिरेकला समजावतो, “अरे, मी सरकलो की घुस ना.” मिरेक म्हणतो, “दादा, तुम्ही सरकता ते मला वाटतं तुमचा तोल गेला.” 

बाबांनी बांधलेलं शेवटचं इंजिन तू घेऊन गेलास, त्याबद्दल रोमानने चकार शब्द काढला नाही. मीच बोलले. निदान तेवढं तरी आठवण म्हणून ठेवायचं होतं. तो म्हणाला, “बाबांनी ते त्याच्यासाठीच बांधलं होतं.” गॅस सोडला की दोनदा खोकतं ते. बाबांसारखंच. सकाळी शेडमधून खोकला आला की बाबा की इंजिन यावर तू आणि योला पैज लावायचात.

पेपरात वाचलं, तू तिकडे इटालियन इंजिनं वापरतोस. म्हणजे बाबांचं कोपऱ्यात पडलं असेल. चिंधी तरी घाल त्यावर, धूळ बसते.

योला विचारते काका कधी येणार. तिला मी काय सांगू ते तूच कळव.

हालिना


ओल्शानूव, १७ जून १९९६

ओलेक,

कुणी कापले रे ते केस? कान असे उघडे टाकलेत की दूरवरून फक्त कानच दिसत होते. ग्रोंदोवोत न्हावी नाहीत का?

काल तुमच्या मैदानावर आम्ही सपाटून मार खाल्ला, त्याबद्दल मला लिहायचं नाही. तुम्ही दोघं एकाच शर्यतीत एकदाच आलात, आणि तू सुटल्यापासून इतका पुढे होतास की कुणी कुणाला जागा देण्याचा प्रश्नच आला नाही. ते ठीक झालं. मला लिहायचंय ते बरणीबद्दल.

आंबवलेल्या काकड्यांची ती बरणी मी दिली होती. तुला दुकानातल्या चालत नाहीत म्हणून. रोमान ती हातात घेऊन, अंगात रेसचे कपडे, आवारातून तुमच्या बाजूला आला. जाळीच्या पलीकडून मला सगळं दिसत होतं. तुझा तो लांब मानेचा मेकॅनिक आडवा आला आणि म्हणाला, “काका, वाट चुकलात. रानडुकरांचं कुंपण तिकडे.” तुमचे सगळे दात काढून हसले. रोमानपण हसला. म्हणाला, “भावाला द्यायचीय.” तो म्हणाला, “भाऊ तयारी करतोय, त्याला त्रास नको.”

आणि तू पाठमोरा बसून डाव्या बुटाचा, वळणावर मातीत घासायचा लोखंडी तळवा बांधत होतास. तो पट्टा आवळायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, ओलेक. तुझ्या पहिल्या तळव्याचा पट्टा मी बांधून दिला होता. रोमान उभा होता तोवर तू तो बांधत होतास. तो निघाला, आणि तुझा पट्टा बांधून झाला.

त्याने बरणी एका पत्र्याच्या पेटीवर ठेवली आणि आला. बसमध्ये म्हणाला, “कामात होता तो.” मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं तर मी बसमध्येच भोकाड पसरलं असतं.

तुझ्या मनात त्याच्याविषयी काय आहे? त्याने कधी तुझ्या वाटणीचं काही खाल्लं? मला खरंच कळत नाही. काकड्या तरी खाल्ल्यास का?

हालिना


ओल्शानूव, १० ऑगस्ट १९९६

ओलेक,

काल रोमानचा नावदिवस झाला, त्याच्या नावाच्या संताचा दिवस. दरवर्षी अंगणात बसायला जागा पुरायची नाही. काल गेनोवेफाबाई आल्या, मिरेक आला, आणि क्लबातला एक जण उभ्याउभ्या शुभेच्छा देऊन गेला. जो संघ तळाला जातो त्याच्या कप्तानाकडे वोडका प्यायलाही लोक येत नाहीत, असं दिसतं.

रोमानच्या गळपट्टीचं हाड जुलैत मोडलंय. पट्ट्या बांधून पळतो. 

त्याने टेबलावर तुझी थाळी मांडली होती. मी विचारलं नाही. जेवणं आटोपली, दिवस कलला, तेव्हा ती त्याने स्वतःच उचलली आणि म्हणाला, “रस्त्यात गाडी बिघडली असेल.” थाळी कोरडीच होती, तरी त्याने ती धुतली.

हालिना


ओल्शानूव, २३ सप्टेंबर १९९६

ओलेक,

एकच विचारते. ते इंजिन तू मुद्दाम लावलंस का?

सबंध मोसम तू इटालियन इंजिनावर पळालास. कालसुद्धा आमच्या मैदानावर तुझ्या आधीच्या सगळ्या शर्यती त्यावरच झाल्या. मग शेवटची, पंधरावी शर्यत. बेचाळीस-बेचाळीस. आम्हाला बरोबरी पुरेशी होती. बरोबरीवर आम्ही आठवे राहिलो असतो, वरच्या लीगमध्ये. आणि रोमान सुटला असता. हो, हे तुला माहीत नाही. या मोसमानंतर तो थांबणार होता. मला म्हणाला होता, “क्लब वर ठेवतो आणि गाडी विकतो.” कॅलेंडरवर मी तारखेला गोल केला होता. मूर्खासारखा.

तू सुरुवातीच्या फितीशी जुनी गाडी ढकलत आणलीस. पिवळं हेल्मेट. गॅस दिलास, सोडलास, आणि ते खोकलं. गर्दीत इतका गोंगाट, पण मी ते ऐकलं. गेनोवेफाबाईंचा हात घट्ट धरला. त्या म्हणाल्या, “काय गं?” मी म्हटलं, “सासरे आले.”

तीन फेऱ्या रोमान पुढे. तू दुसरा, तुझा जोडीदार तिसरा, मिरेक सगळ्यात मागे. रोमानचे तीन, तुमचे दोन आणि एक, म्हणजे तीन-तीन गुण. बरोबरी. असंच संपायचं होतं. शेवटच्या फेरीचं शेवटचं वळण आलं, तू आत शिरायला गॅस सोडलास, इंजिन दोनदा खोकलं, आणि रोमान बाहेर सरकला. थोडाथोडका नाही, गाडी आरामात जाईल इतका. तू आतून गेलास. मागे न बघता, बाबांनी शिकवलं तसंच.

आणि पुढचं तुला ठाऊक नसेल, कारण तू मागे बघत नाहीस. तू गेल्यावर त्याने दार लावून घेतलं. तुझ्याच जोडीदाराच्या तोंडावर. तुझी पाठ राखली त्याने, ओलेक. अंगात रानडुकरांचं जाकीट, आणि सगळं गाव बघतंय.

चव्वेचाळीस-शेहेचाळीस.

आधी कुणी ओरडलंच नाही. मला वाटतं लोकांना जुनं काहीतरी दिसलं आणि क्षणभर ते टाळ्याच वाजवणार होते. मग शिट्ट्या सुरू झाल्या. तुमच्या लोकांनी तुला उचलून हवेत फेकलं, झेललं, पुन्हा फेकलं. रोमान त्याच्या गाडीपाशी उभा होता, हेल्मेट न काढता.

घरी आल्यावर विचारलं, “काय झालं?” म्हणाला, “खोकला ऐकला. सरकलो.” मी म्हटलं, “तो समोरच्या संघात आहे हे आठवलं नाही?” “दार लावल्यावर आठवलं.” एवढंच बोलून त्याने जाकीट बादलीत भिजत घातलं. ते मी घालते नेहमी.

तू मुद्दाम केलंस का? मला खरं सांग. हो असेल तर हो सांग.

हालिना


ओल्शानूव, ३० सप्टेंबर १९९६

ओलेक,

आमच्या शेडच्या दारावर कुणीतरी लाल रंगाने ‘विकाऊ’ लिहिलंय. रोमान घासत होता. मी म्हटलं, “राहू दे, पावसाने जाईल.” तो म्हणाला, “ऑइलपेंट आहे.” आणि घासत राहिला.

सलूनमध्ये माझी खुर्ची रिकामी असते. बायका आत येतात, मी दिसले की म्हणतात, “अगंबाई, दूध गॅसवर आहे,” आणि जातात. एवढं दूध या गावात कधी उतू गेलं नसेल. योलाला शाळेत एका मुलीने सांगितलं, “तुझ्या बाबांनी आणि काकांनी आधीच ठरवलं होतं.” योलाने तिच्या वेणीला हिसडा दिला. बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघत होत्या.

गुरुवारी क्लबाच्या कमिटीने रोमानला बोलावलं होतं. मॅनेजरने विचारलं, “मॅचच्या आधी भाऊ काय म्हणाला तुला?” रोमान म्हणाला, “माझा भाऊ नोव्हेंबरपासून माझ्याशी बोललेला नाही.” यावर सगळे हसले. खो खो हसले, ओलेक. मिरेकने सांगितलं मला, आणि सांगताना तो रडत होता. आयुष्यात त्याने जे सगळ्यात लाजत सांगितलं असेल, ते लोकांना सगळ्यात मोठी थाप वाटली.

त्याला काढून टाकणार होते. पण आता खालच्या लीगमधल्या संघाशी दोन जादा मॅच आहेत. दोन्ही मिळून आमचे गुण जास्त झाले तर क्लब वर राहील, नाहीतर खाली. आणि कप्तान दुसरा आहे कुठे? म्हणून ठेवलाय. जो विकला गेला म्हणतात, त्याच्याच जिवावर उड्या.

तू ये. मी कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे. क्लबाच्या हॉलमध्ये उभा राहा आणि सांग की आमचं बोलणं झालं नव्हतं, तो सवयीने सरकला. हे दुसऱ्या कुणी सांगून चालणार नाही. ती सवय जगात दोघांनाच होती, आणि त्यातल्या एकावर कुणी विश्वास ठेवत नाही. यायचं नसेल तर पेपरवाल्याला सांग. एक वाक्य. इंजिनाचं मी पुन्हा विचारणार नाही, वचन देते.

हालिना


ओल्शानूव, ७ ऑक्टोबर १९९६

पेपरात तुझी मुलाखत आली. “त्या शर्यतीबद्दल मला बोलायचं नाही.” शाबास. आता ज्यांना शंका होती त्यांचीही खात्री पटली.

काल पहिली जादा मॅच त्यांच्या मैदानावर हरलो, थोडक्यात. रविवारी आपल्याकडे. रोमानने मुलाखत वाचली, घडी घातली आणि शेडमध्ये गेला. जेवायला बोलावलं तर म्हणाला, “मी आता कुणासाठी सरकणार नाही.” मला नाही म्हणाला. हातातल्या पान्याला म्हणाला. तरी मला धडकी भरली.

हालिना


१४ ऑक्टोबर १९९६

ओलेक,

रोमान पडला. काळजी करू नकोस. पाठीला मार आहे, शुद्धीवर आहे, बोलतो. मोठ्या हॉस्पिटलात आणलंय, मी इथूनच लिहितेय, खिडकीच्या फळीवर.

पहिल्या वळणाशी लोकांनी फलक लावला होता, चादरीवर रंगवलेला. “रोमान, आज कुणासाठी सरकणार?” माझ्या डोक्यावरच होता तो. गेनोवेफाबाईंनी छत्रीने फाडायचा प्रयत्न केला, पण त्यांचा हात पोचला नाही. रोमानने सरावाच्या फेरीत तो वाचला. मी त्याला वाचताना पाहिलं.

नवव्या शर्यतीत समोरचा एक जण आतून आला. चांगला पुढे आलेला. त्या वेळी कुणीही जागा देतो. तूही दिली असतीस, कुणीही दिली असती. रोमानने दिली नाही. वळणाची आतली रेघ धरून राहिला, मान खाली घालून. चाकं एकमेकांत अडकली आणि दोघं फळ्यांच्या कुंपणावर गेले. तो दुसरा उठला.

माझ्यासमोरच झालं. पत्रिकेत मी काही लिहिलं नाही.

तुला यायला जमलं तर ये. दुसरा मजला, जिन्यापासून डावीकडे.

हालिना


२१ ऑक्टोबर १९९६

ओलेक,

मागच्या पत्रात मी खरं लिहिलं नाही. वाटलं, तुला ट्रॅकवर जायचंय, कशाला जिवाला घोर. पण तुमचा मोसम संपला, आणि तू तसाही येत नाहीस, तर लिहून टाकते. त्याच्या पायांना काही कळत नाही. कमरेखाली काहीच नाही. डॉक्टर आधी “बघू” म्हणायचे, आता म्हणत नाहीत. रोमानने मला विचारलं, “त्या दुसऱ्याला कितपत लागलं?” मी म्हटलं, “खरचटलंय.” म्हणाला, “बरं झालं.” त्यानंतर तो दिवसभर छताकडे बघत होता.

क्लब वर राहिला, कळलंच असेल. रोमानला अँब्युलन्समध्ये घातल्यावर उरलेल्यांनी जीव तोडून गाड्या हाणल्या आणि मॅच जिंकली. मिरेक सगळ्यात पुढे. लोक रडत होते म्हणे.

आता गाव बदललंय. शेडचं दार कुणीतरी येऊन पूर्ण रंगवून गेलं, हिरवं. घरी केक येतात, खसखशीचे, सफरचंदाचे, ठेवायला जागा नाही. सलूनमध्ये मी आठवड्यातून एक दिवस जाते तर खुर्चीपुढे रांग असते. ज्या बाईचं दूध गॅसवर होतं, ती परवा माझा हात धरून म्हणाली, “आम्हाला कधीच शंका नव्हती हो.” मी तिचे केस कापले. नीट कापले. माझ्याकडून तेवढंच होतं आता. रागसुद्धा येत नाही, ओलेक. आतून सगळं विझलंय.

त्यामुळे हॉलमध्ये येऊन सांगायची गरज उरली नाही. तो विकला गेला होता असं आता कुणी म्हणत नाही. त्यासाठी त्याला काय द्यावं लागलं ते लिहिलंच आहे वर.

इथली नर्स त्याच्यावर वैतागते. म्हणते, “हा माणूस सारखा पलंगाच्या उजव्या काठाला जातो. मध्ये आणून ठेवते, परत खांद्यांनी सरकतो. पडेल एक दिवस.” तिने कठडा लावलाय. मी दोन दिवस बघत होते, मग लक्षात आलं. खिडकीखाली रस्ता आहे आणि कोपऱ्यावर सिग्नल. मोटारसायकली तिथे गॅस सोडतात.

नर्सला मी काही सांगितलं नाही. सांगून तिला काय कळणार?

हालिना


२ नोव्हेंबर १९९६

ओलेक,

काल सकाळी मी आणि योला कबरस्तानात गेलो. सगळ्या संतांचा दिवस, गर्दी तर होतीच. गेलेल्या रेसर लोकांच्या थडग्यांवर नेहमीसारखे क्लबाचे रुमाल, दिव्यांच्या ओळी. आम्ही शेवंतीची कुंडी घेऊन आईबाबांच्या थडग्यापाशी आलो तर तिथे आधीच एक दिवा जळत होता. मोठा, काचेचा, महागातला. पाटीच्या डाव्या कडेला. बाकी फरशी स्वच्छ पुसलेली, उजवीकडे काही नाही.

फाटकापाशी मेणबत्त्या विकणारी म्हातारी म्हणाली, “तुमचा धाकटा येऊन गेला ना. उजाडतानाच. बराच वेळ उभा होता.” योलाने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “मग घरी का नाही आला?”

तुझ्या वहिनीचं घर त्या फाटकापासून दिसतं. शेडचं हिरवं दार तुला दिसलं असेल. चिमणीतून धूर निघत होता, मी रस्सा उकळायला ठेवला होता. मेलेल्यांसाठी तू पहाटे उठून आलास. जिवंत असलेल्यासाठी तुला दुसरा मजला चढवत नाही.

हे मी रागाने लिहिलंय. खोडत नाही.

दुपारी हॉस्पिटलात गेले. त्याला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण योलाच्या पोटात काही राहत नाही, तिने दारातूनच सांगितलं, “बाबा, काका आला होता आजोबांकडे.”

 मी कोट काढून नेहमीसारखी पलंगाच्या डाव्या कडेवर टेकले. योला खालून चहा आणायला गेली. मग मी विचारलंच. म्हटलं, “रोमान, बाबांचं इंजिन त्याने मुद्दाम लावलं असेल का रे?” मला वाटलं, आता तरी त्याला शिवी देऊ दे. मला आवडलं असतं ते. तो म्हणाला, “इंजिन चांगलंच होतं ते.” आणि मग, “दिवा कुठल्या बाजूला ठेवला त्याने?”

मी म्हटलं, “डावीकडे.”

लहानपणी आईच्या थडग्यावर तुम्ही तसेच दिवे लावायचात म्हणे. तू डावीकडे, तो उजवीकडे. बाबा हसायचे, इथेसुद्धा जोडी. मला हे रोमानने लग्नाच्या वर्षी सांगितलं होतं.

त्याने कठड्याला हात घातला. कोपरावर जोर देऊन खांदे उचलले आणि पाय ओढत ओढत उजव्या काठाला सरकला. त्याला घाम फुटला. मी मदत करायला गेले तर मान हलवून नको म्हणाला. खाली रस्त्यावर कुठली गाडी गेली नव्हती, मी ऐकत होते. मी उठले, तेव्हा पलंगाची डावी बाजू सबंध मोकळी झाली होती, चादरीवर सुरकुत्या पडलेल्या. त्या मी हाताने सारख्या केल्या.

मी पुन्हा तिथे बसले नाही. भिंतीजवळची खुर्ची ओढून घेतली.

हालिना